मुलांना शिकवायला कोणी येत असेल तर: बडोद्यातल्या छोट्या क्रीडामंडळांसाठी पडताळणीची वाट

एप्रिल सरत आला की आमच्या मंडळाच्या मैदानावर नवे चेहरे दिसू लागतात. शाळांना सुट्टी लागायची असते, उन्हाळी शिबिराचा फलक लागलेला असतो, आणि कोणीतरी येऊन म्हणते, “ताई, मी शिकवीन मुलांना. पैसे नकोत.” मुले साठ, शिकवणारे तिघे. अशा वेळी तोंडातून सहज निघते, “ये की उद्यापासून.” मी कितीतरी वर्षे हेच म्हणत आले.

आता म्हणत नाही. का ते पुढे सांगते. ज्यांनी नुकतीच एखाद्या मंडळाची, तालमीची किंवा सोसायटीतल्या क्रिकेट कोचिंगची जबाबदारी अंगावर घेतली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. माझे मंडळ खो-खो आणि मल्लखांबाचे, म्हणून उदाहरणे तिथली येतील. बाकी कबड्डी असो वा स्केटिंग, काम तेच.

जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांच्यामुळे बडोद्याला व्यायामशाळांची मोठी परंपरा लाभली. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा या भागांतली आपली मराठी मंडळी एकमेकांना तीन-तीन पिढ्या ओळखतात. हे आपले भाग्य आहे, आणि पडताळणीच्या कामात हीच सगळ्यात मोठी अडचण आहे. “अहो, त्याच्या आजोबांना मी ओळखते” या वाक्यानंतर कोणी काही विचारत नाही. आजोबा चांगले होते, एवढेच त्यातून कळते. नातू मुलांशी कसा वागतो हे त्यातून कळत नाही.

कायदा काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पॉक्सो, २०१२ चा. त्याचे नवे नियम मार्च २०२० मध्ये आले. त्यातल्या तिसऱ्या नियमात लिहिले आहे की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि पूर्वेतिहासाची तपासणी ठरावीक काळाने केली पाहिजे. कर्मचारी शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, त्यातून सुटका नाही. शाळा आणि पाळणाघरांच्या बरोबरीने त्या नियमात क्रीडा अकादमींचे नाव स्पष्ट घेतलेले आहे. कर्मचाऱ्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षण वेळोवेळी द्यावे, हेही तिथेच आहे.

“आमची कुठली अकादमी? आम्ही तर संध्याकाळी दोन तास मुले खेळवतो,” असे पुष्कळजण म्हणतात. नियम नीट वाचा. “मुलांशी नियमित संबंध” हे शब्द पुरेसे आहेत. नियमात भाषा कर्मचाऱ्यांची आहे, आणि आपल्याकडे तर बहुतेक सगळे विनामूल्य येणारे. माझे मत ठाम आहे की मुलाच्या दृष्टीने पगारी दादा आणि बिनपगारी दादा यांत काही फरक नसतो, तेव्हा पडताळणीतही करू नये.

आणखी एक. पॉक्सो मुलींसाठी आहे तितकाच मुलग्यांसाठीही आहे. अठरा वर्षांखालचे प्रत्येक मूल त्यात येते. तालमीत बहुतेक मुलगेच असतात, आणि “मुलग्यांना काय होतंय” या समजुतीने तिथे कोणी लक्ष घालत नाही.

आधी यादी करा, आणि पहिले नाव स्वतःचे लिहा

एका वहीत मंडळात मुलांजवळ येणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहा. प्रशिक्षक आणि साहाय्यक तर झालेच. पण मैदानाची किल्ली ज्याच्याकडे असते तो राखणदार, मुलांना आणणारा व्हॅनवाला किंवा रिक्षावाला, स्पर्धेच्या गावी बरोबर येणारे पालक, शिबिरातला स्वयंपाकी, फोटो काढणारा, दुखापतीवर पट्टी बांधणारा, आणि कार्यकारिणीतले आम्ही सगळे. आमच्या मंडळात पहिल्यांदा यादी केली तेव्हा मला वाटले होते आठ-नऊ नावे होतील. तेवीस झाली.

प्रत्येक नावापुढे तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. हा माणूस कधी मुलाबरोबर एकटा असतो का? मुलांना गावाबाहेर किंवा रात्री मुक्कामाला नेतो का? मुलांचे फोन नंबर त्याच्याकडे आहेत का? तिन्हींना “हो” असेल त्याची पडताळणी आधी. वर्षातून एकदा बक्षीस वाटायला येणाऱ्या पाहुण्यासाठी एवढा खटाटोप नको, त्यांच्याजवळ मंडळाचा कोणीतरी उभा असला की पुरे.

स्वतःचे नाव पहिले का, तर पुढे सत्तरीच्या वस्तादांसमोर अर्ज ठेवायचा असतो. पन्नास वर्षे ज्यांनी लाल मातीत मुले घडवली त्यांना “तुमची पडताळणी करायची आहे” हे सांगताना जीभ अडखळते. मी माझा भरलेला अर्ज आणि माझा पोलिसांचा दाखला घेऊन गेले. म्हटले, “काका, हा माझा. हा अध्यक्षांचा. आता तुमचा हवा.” त्यांनी चष्मा लावून माझा अर्ज पूर्ण वाचला आणि पेन मागितले. ते राजी झाल्यावर बाकी कोणी कुरकुर केली नाही.

अर्जात काय विचारायचे

एक पान पुरते. पूर्ण नाव, पूर्वीचे वेगळे नाव असेल तर तेही, जन्मतारीख, आणि गेल्या सात वर्षांत कुठे-कुठे राहिले ते सगळे पत्ते. पत्त्यांची ही ओळ फार महत्त्वाची आहे, तिचा उपयोग पोलिसांच्या पायरीत कळेल. मग याआधी कुठल्या मंडळात, शाळेत, क्लासमध्ये मुलांना शिकवले, किती काळ, आणि तिथून का सोडले. मधली दोन वर्षे रिकामी दिसली तर विचारा. घरात आजारपण असेल, नोकरी असेल. विचारल्यावर सरळ उत्तर आले की ती ओळ भरा आणि पुढे चला.

खाली स्वयंघोषणा घ्या: माझ्यावर कोणताही गुन्हा दाखल आहे किंवा नाही, खटला चालू आहे किंवा नाही, शिक्षा झाली आहे किंवा नाही, आणि कोणत्याही संस्थेने मुलांशी वागण्याच्या कारणावरून मला काढले आहे किंवा नाही. शेवटचा प्रश्न पुष्कळ मंडळे विसरतात. पोलिसांपर्यंत न गेलेली प्रकरणे फक्त इथेच सापडण्याची शक्यता असते. “खोटी माहिती आढळल्यास तात्काळ थांबवले जाईल” आणि “मंडळाने जुन्या संस्थांकडे चौकशी करण्यास माझी संमती आहे” ही दोन वाक्ये सहीच्या वर हवीत.

ओळखपत्र मूळ पाहा. आधारची प्रत ठेवायचीच असेल तर झाकलेल्या क्रमांकाची, म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी घ्या. आधारच्या संकेतस्थळावरून ती उतरवता येते.

प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे असतील तर ती ज्यांनी दिली त्यांच्याकडून खात्री करून घ्या. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे नाव लिहिलेला प्रत्येक कागद तिथलाच असेल असे धरून चालू नका. ते प्रमाणपत्र खरे निघाले तरी माणूस खेळ शिकवू शकतो एवढेच त्यातून सिद्ध होते.

फोन करा. खरोखर करा.

या सगळ्या कामात एकच पायरी करता येणार असेल तर मी ही निवडीन.

आमच्याकडे एकजण खो-खो शिकवायला आला. चपळ, बोलका, मुलांत लगेच मिसळणारा. हातात दुसऱ्या गावच्या एका मंडळाचे सुरेख शिफारसपत्र, आणि वडील आमच्यातल्या एकाच्या ओळखीचे. आम्ही पत्र वाचले, फाइलला लावले. दोन महिन्यांनी एका आईने मला बाजूला बोलावून तिच्या मुलीचा फोन दाखवला. रात्री अकरानंतरचे मेसेज होते. शेवटच्यात लिहिले होते, “घरी सांगू नकोस.” त्याला त्या संध्याकाळी थांबवले, मुलीच्या आईवडिलांबरोबर जाऊन पोलिसांना कळवले. दुसऱ्या दिवशी मी त्या पत्रावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “आम्हीही याच कारणाने त्याला यायचे बंद करायला सांगितले होते. पत्र मागितले म्हणून देऊन टाकले.”

तो फोन दोन महिने आधी तीन मिनिटांत झाला असता. केला नाही, कारण पत्र होते, आणि वडील ओळखीचे होते. त्या मुलीने पुढे खेळणे सोडले. चांगली पळायची.

तेव्हापासूनचा आमचा रिवाज असा: दोन नावे मागायची, त्यातले एक तरी जिथे त्याने मुलांना शिकवले तिथले हवे, आणि नातेवाईक चालत नाही. दिलेल्या मोबाइल नंबरवर विसंबायचे नाही. त्या शाळेचा किंवा संस्थेचा नंबर आपण स्वतः शोधायचा. “माणूस कसा आहे?” हा प्रश्न निरुपयोगी आहे, उत्तर नेहमी “चांगला आहे” असेच येते. विचारा: तुमच्याकडे किती काळ होता? कोणत्या वयाच्या मुलांबरोबर? कोणा पालकाची तक्रार आली होती का? त्याने स्वतःहून सोडले की तुम्ही सांगितले? उद्या तो परत आला तर घ्याल का? शेवटच्या प्रश्नाला समोरचा किती वेळ घेतो ते ऐका. उत्तर तारखेसह लिहून ठेवा.

आणि तुमच्याकडे कोणी असे पत्र मागायला आले, आणि मनात शंका असेल, तर देऊ नका. तुमच्या पत्राच्या आधाराने तो माणूस दुसऱ्या गावच्या मुलांपुढे उभा राहतो.

पोलीस पडताळणी

अर्ज ज्याची पडताळणी करायची त्याच्याच नावाने होतो, मंडळाच्या नावाने नाही. गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भाडेकरू आणि घरकामगारांच्या नोंदणीबरोबर पोलीस व्हेरिफिकेशनचीही सोय आहे. ऑनलाइन जमत नसेल तर राहत्या भागाच्या ठाण्यात जाऊन “चारित्र्यनो दाखलो” किंवा “पोलीस व्हेरिफिकेशन” असे म्हणा. ओळखपत्र, राहण्याचा पुरावा आणि फोटो बरोबर न्या, बाकी काय लागेल ते आधी विचारून घ्या, म्हणजे दुसरी फेरी पडत नाही.

नवे लोक इथे तीन ठिकाणी अडतात.

पहिले म्हणजे ठाणे. मंडळ रावपुऱ्यात असले तरी मकरपुऱ्यात राहणाऱ्याचा अर्ज मकरपुऱ्याच्याच हद्दीत जातो. पादरा, डभोई, वाघोडियाहून येणाऱ्यांसाठी शहर पोलीस आयुक्तालय नव्हे, वडोदरा ग्रामीण पोलीस.

दुसरे, पासपोर्ट कार्यालयाचा क्लिअरन्स दाखला. तो परदेशी जाणाऱ्यांसाठी असतो. मंडळाच्या कामासाठी त्याच्या मागे लागू नका.

तिसरे, कारण. ठाण्यातल्या खिडकीवर भाडेकरूंचे अर्ज रोज येतात, खेळाच्या मंडळाचा क्वचित. म्हणून लेटरहेडवर चार ओळींचे पत्र द्या: अमुक व्यक्ती आमच्या मंडळात मुलांना शिकवणार आहे, पॉक्सो नियम २०२० मधील नियम ३ नुसार पडताळणी आवश्यक आहे. आम्ही नियमाची प्रतही जोडतो. पत्र गुजरातीत लिहिलेले बरे, काम लवकर होते.

आता दाखल्याची मर्यादा समजून घ्या. तो मुख्यत्वे त्या पत्त्यावरच्या पोलीस नोंदींवर आधारलेला असतो. जो तीन वर्षांपूर्वी जळगावहून किंवा सुरतेहून बडोद्याला आला, त्याची जुनी गोष्ट इथल्या ठाण्याच्या कागदात नसू शकते. म्हणून ते सात वर्षांचे पत्ते. मोठा मुक्काम दुसरीकडे झाला असेल तर तिथल्या पोलिसांचाही दाखला मागा. महाराष्ट्रातही त्यासाठी ऑनलाइन सोय आहे.

लंडनला असलेल्या माझ्या भाचीने विचारले होते, “मावशी, तुमच्याकडे डीबीएससारखे काही नाही का?” इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्यांचे दाखले त्या एका सरकारी यंत्रणेकडून येतात. आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते. मंडळाला किंवा पालकांना ती उघडत नाही. “आम्ही ती यादी तपासून देतो” असे सांगून पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

न्यायालयांच्या ई-कोर्ट्स ॲपवर नाव टाकून खटले शोधता येतात, तेही करा. मात्र सारख्या नावाची माणसे पुष्कळ असतात. पाटील किंवा शिंदे हे आडनाव घेऊन शोधलेत तर हे लगेच कळेल. वडिलांचे नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय कोणावर ठपका ठेवू नका. आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांत ओळख झाकावी लागते, त्यामुळे तिथे काही सापडले नाही म्हणजे काही नाहीच, असेही समजू नका.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत मुलांवरील बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. त्यातल्या अनेकांच्या नावावर आधी एकही गुन्हा नसतो. कोरा दाखला हातात आला की कार्यकारिणी निर्धास्त होते, मला त्याच क्षणाची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

काही सापडले तर

दाखल्यात किंवा घोषणेत काहीतरी निघाले, तर एकट्याने निर्णय घेऊ नका आणि व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच टाकू नका. तिघांनी बसा, त्यात एक स्त्री असावी, आणि त्या व्यक्तीला आपली बाजू मांडू द्या. वीस वर्षांपूर्वीचा मोर्चातला गुन्हा, वाहतुकीचा खटला, भाऊबंदकीतल्या जमिनीचे भांडण यांचा मुलांच्या सुरक्षेशी संबंध नाही. मुलांविरुद्धचा किंवा कोणताही लैंगिक गुन्हा, मारहाण, अमली पदार्थ यांचा आहे. खटला अजून चालू असेल तर निकाल लागेपर्यंत मुलांजवळचे काम नाही. हिशेब, मैदानाची आखणी, साहित्य आणणे अशी कामे देता येतील का, हे प्रकरण पाहून ठरवा, पण मुलांविरुद्धचा गुन्हा असेल तर मैदानावरच येऊ नये. आणि साधी गोष्टही ज्याने घोषणेत लपवली, त्याला आम्ही घेत नाही. निर्णय आणि त्याचे कारण वहीत दोन ओळींत लिहून तिघांनी सही करावी.

पडताळणी झाली, आता मैदानावर

पहिले तीन महिने नव्या माणसाने एकट्याने वर्ग घ्यायचा नाही. त्यानंतरही आमचा नियम दोन मोठ्यांचा आहे: मुलांबरोबर नेहमी दोन प्रौढ, किंवा दुसऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात एक.

मल्लखांबात शिकवणाऱ्याचा हात मुलाला लागतोच. उलटी उडी शिकवताना कमरेला आधार दिला नाही तर मूल डोक्यावर पडेल. “हात लावायचा नाही” असा नियम करून खेळ शिकवता येत नाही. म्हणून आधार कुठे आणि कसा द्यायचा हे ठरवून टाका, सगळ्या मुलांना आणि पालकांना एकदा दाखवा. आधी सांगायचे, “मी कमरेला धरतोय,” मग धरायचे. सराव उघड्यावर, सगळ्यांसमोर. मुलाने “नको” म्हटले तर तो डाव त्या दिवशी नाही. खांबाला एरंडेल तेल लावण्याच्या निमित्ताने कोणाला सामानाच्या खोलीत बोलवायचे नाही, तेलाची बाटली बाहेर खांबाजवळच ठेवायची.

तालमीत मालिशची जुनी रीत आहे. मोठ्यांनी धाकट्यांचे अंग रगडायचे, धाकट्यांनी वस्तादांचे पाय चेपायचे. तिच्यामागे माया आहे, सेवाभाव आहे, हे मला मान्य आहे. तरी अठराच्या आतल्या मुलांसाठी ती आम्ही पूर्ण बंद केली. यावर सगळ्यात जास्त वाद झाला, आणि एका ज्येष्ठांनी सहा महिने मंडळात पाऊल टाकले नाही. ते परत आले. रीत परत आली नाही.

मेसेज फक्त गटावर, ज्यात पालक असतात. मुलाला वेगळा मेसेज नाही, फोटो मागणे नाही, रात्री नऊनंतर काही नाही. कपडे बदलायच्या खोलीत मोठ्यांनी जायचे नाही आणि तिथे कोणाचाही फोन न्यायचा नाही. स्पर्धेला जाताना मुली असतील तर स्त्री प्रशिक्षक किंवा एखादी आई बरोबर हवीच. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघांना महिला खेळाडूंच्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असणे बंधनकारक केले, मग आपल्या नडियादच्या एका दिवसाच्या दौऱ्यालाही तेच लागू करायला काय हरकत? मुक्कामात मोठ्यांची खोली वेगळी.

मंडळातली सोळा-सतरा वर्षांची मुले लहानांना शिकवतात, त्यांचे काय? ती स्वतः कायद्याने बालकेच आहेत. त्यांच्यावर पोलीस दाखल्याचा भार टाकू नका. पण ती एखाद्या प्रौढाच्या देखरेखीखालीच शिकवतील आणि हेच नियम त्यांनाही लागू असतील, हे त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना बसवून सांगा. अठरावा वाढदिवस झाला की अर्ज द्या.

कोणी काही सांगितले तर

मूल बोलायला आले तर ऐका. “खरंच का?”, “नीट आठव” असे म्हणू नका, पुन्हा पुन्हा विचारू नका, आणि “कोणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याने सांगितले हे बरे केले, एवढे म्हणा. त्याचे शब्द तसेच्या तसे लिहून ठेवा.

मग पोलीस. पॉक्सोच्या १९ व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याचे माहीत असणाऱ्या किंवा घडेल अशी भीती वाटणाऱ्या प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे सक्तीचे आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत, आणि दंड वेगळा. “आधी आपण आपसात चौकशी करू”, “मंडळाचे नाव खराब होईल”, “गणपती झाल्यावर बघू” ही तिन्ही वाक्ये मी बैठकांत ऐकली आहेत. मंडळाने चौकशी करायची नसते. संशयिताला मुलांपासून त्याच क्षणी दूर करायचे आणि कळवायचे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर उलट कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे.

पालक ठाण्याच्या नावाने घाबरतात. त्यांना सांगा की मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्या वेळी पोलीस गणवेशात नसतात, आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. मुलाचे नाव, शाळा, फोटो कुठेही जाऊ द्यायचे नाही. आपल्या गटावरसुद्धा नाही.

तीन क्रमांक मैदानाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला रंगवून घ्या: १०९८ मुलांसाठी, ११२ तातडीच्या मदतीसाठी, १८१ अभयम् मुली आणि स्त्रियांसाठी. मुलांनी कार्यकारिणीला ओलांडून थेट तिथे फोन करावा, असे त्यांना आमच्याच तोंडून सांगितले जाते.

कागद आणि तारखा

सगळे अर्ज कुलपाच्या कपाटात, किल्ल्या दोघांकडे. कोणाचे कागद फोनवर फिरवायचे नाहीत. ज्यांना घेतले नाही त्यांचे कागद वर्षभराने नष्ट करा, निर्णयाची ओळ मात्र वहीत राहू द्या. नियमात “ठरावीक काळाने” म्हटले आहे. आम्ही पोलीस दाखला दर तीन वर्षांनी नवा घेतो आणि स्वयंघोषणा दर जूनमध्ये, नवे वर्ष सुरू होताना. पत्ता बदलला की मधेच.

मे महिन्याच्या शिबिरासाठी तयारी होळीच्या सुमाराला सुरू करा. अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाटायचे, पंधरा दिवसांत फोन उरकायचे, पोलिसांचे अर्ज मार्च संपायच्या आत गेलेले हवेत. ज्याचा दाखला शिबिराच्या पहिल्या दिवसापर्यंत आला नाही, तो मैदानाबाहेरच्या टेबलावर नावनोंदणी आणि पाणीवाटप बघतो. आणि एप्रिलच्या शेवटी कोणी येऊन “ताई, मी उद्यापासून शिकवीन” म्हणाला, तर त्याला पाणी द्या, बसवा, अर्ज हातात द्या आणि सांगा, “दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी आत्ताच भर.”